डाव्या करंगळीचं काम

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात यिंगचूची डावी करंगळी दुखायला लागली. आमच्याकडे ही काही बातमी नव्हे. आमचा कारखाना सायकलचे क्रँक बनवतो, म्हणजे पायडल ज्याला लागतं तो दांडा. तळमजल्यावर चौदा प्रेस दिवसभर ठोके देत असतात आणि वरच्या मजल्यावर आम्ही नऊ जण संगणकापुढे बसलेले असतो. प्रत्येकाचं काही ना काही दुखतंच. कुणाची मान, कुणाची कंबर. मालकीणबाईंचं डोकं दुखतं, ते आमच्यामुळे.

मी ल्याव चंगयी, वय शेहेचाळीस. फंगयुआनच्या या कारखान्यातले सगळे संगणक मी एकटा सांभाळतो. धाकटे मला चंगदादा म्हणतात. मालकीणबाई नुसतं ‘ए चंग’ म्हणतात, आणि तेही काहीतरी बिघडल्यावरच.

लाय यिंगचू साच्यांची रेखाचित्रं काढते. त्या कामात डाव्या करंगळीला एकच नोकरी असते. कीबोर्डच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातली कंट्रोलची कळ दाबून धरायची. ही कळ एकटी काहीच करत नाही. ती धरून दुसरी कळ दाबली की त्या दुसरीचा अर्थ बदलतो. रेघ पुसली जाते, आकृतीची नक्कल होते, एका डेस्कटॉपवरून दुसऱ्यावर जाता येतं. यिंगचूच्या एकाच पडद्यावर असे चार डेस्कटॉप होते. पहिल्यावर रेखाचित्र, दुसऱ्यावर साचा, तिसऱ्यावर पत्रं, चौथ्यावर कामाचं वेळापत्रक. ती करंगळी दिवसातून किती वेळा वाकते हे मी एकदा यंत्राकडूनच मोजून घेतलं. चार हजार एकशे वेळा.

“चंगदादा, या बोटाला काही दिवस सुट्टी द्या,” ती म्हणाली. “संध्याकाळी सारंगी धरली की हे तारेवर टेकतच नाही. पथकातल्या म्हाताऱ्या माझ्याकडे बघून हसतात.”

समुद्राची देवी माझूआई, तिच्या देवळातल्या वाद्यपथकात ती दोन तारांची सारंगी वाजवते. उत्सवात मी ऐकलं आहे. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण तिचं वाजवणं संपलं की मला वाईट वाटायचं. त्या वाद्यात उजव्या हाताला फक्त गज ओढायचा असतो. सूर सगळे डाव्या बोटांत असतात.

मी दहा मिनिटांत तिचं काम केलं. अंगठ्याखाली आल्टची कळ असते. अंगठा बिचारा जाडजूड, दिवसभर रिकामा बसलेला. त्या कळीला कंट्रोलचं काम दिलं आणि करंगळीला मोकळं केलं. हे सगळं एका साध्या फाइलीत लिहिलेलं असतं, एका ओळीत एक हुकूम. अमुक कळ धरली की अमुक व्हावं. फाइल सर्व्हरवर असते आणि यिंगचूचा संगणक रोज सकाळी ती तिथून उचलतो. त्या फाइलीत कुणी एक अक्षर बदललं तरी तारीख, वेळ आणि बदलणाऱ्याचं नाव नोंदवलं जातं. ही व्यवस्था माझी. माणसं विसरतात, खोटं बोलतात. नोंद तसं करत नाही.

मेच्या मध्यावर यिंगचू माझ्या टेबलाशी आली. हातात माझ्यासाठी थंड चहा होता.

“मी बोट दिलं तर तुम्ही मनगटच धरलंत की.”

“म्हणजे?”

“डेस्कटॉप बदलायची कळपण हलवलीत ना. आधी वैताग आला, पण आता हात आपोआप जातो. झकास झालंय.”

मी काही हलवलं नव्हतं. ती गेल्यावर फाइल उघडली. अनामिकेचं काम तर्जनीकडे गेलं होतं. चारही डेस्कटॉप आता तर्जनी आणि अंगठ्यावर बदलत होते. नोंदीत माझं नाव होतं. बुधवार, दुपारी बारा एकेचाळीस.

बारा ते साडेबारा आम्ही डबे खातो. साडेबाराला खिडक्यांचे पडदे ओढून दिवे मालवतात आणि एक वाजेपर्यंत सगळे आपापल्या टेबलावर डोकं टेकून झोपतात. शाळेपासूनची सवय. त्या अर्ध्या तासात आमच्याकडे कुणी मोठ्यानं शिंकतसुद्धा नाही. बुधवारी बारा एकेचाळीसला मीही झोपलो होतो. माझ्या गालावर बाहीची शिवण उमटली होती, आणि मालकीणबाईंनी त्यावरून टोमणा मारल्याचं मला चांगलं आठवत होतं.

झोपेत माणूस चालतो, बोलतो. झोपेत मी फाइल बदलली असेल असं मी धरून चाललो. पटण्यासारखं एवढंच होतं. फक्त ते काम माझ्या कामापेक्षा चांगलं होतं, आणि ते मला खुपलं.

पुढच्या बुधवारी पुन्हा बदल झाला. आता मधल्या बोटाचं निम्मं काम गेलं. मी कीबोर्डचं चित्र काढलं आणि जी कळ ज्या बोटाची तिला त्या बोटाचा रंग दिला. उजवा हात रंगीबेरंगी होता. डाव्या हातात करंगळी आणि अनामिकेचे रंग कुठेच नव्हते. कागद छापून बघत बसलो होतो, तेवढ्यात श्यूकाका वर आले. श्यूकाका खालच्या प्रेसचे मुकादम. एकोणिसाव्या वर्षी त्यांची डाव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. त्या काळी फंगयुआनमध्ये तसे हात गल्लोगल्ली होते.

त्यांनी कागद उचलला आणि बराच वेळ पाहिला. मग आपला डावा पंजा त्यावर ठेवला.

“माझ्या हाताचं माप कधी घेतलंस रे?”

“तुमचं नाही काका. यिंगचूचं आहे.”

त्यांनी हात कागदावरून काढून घेतला. “तिची तर पाची शाबूत आहेत,” ते म्हणाले, आणि ज्यासाठी आले होते ते न सांगताच खाली गेले.

त्याच्या पुढच्या बुधवारी मी झोपलो नाही. दिवे मालवले, तशी मान खाली घातली आणि संगणकाचा पडदा दिसेल असा चेहरा वळवून ठेवला. फाइल उघडीच होती. आठ डोकी आठ टेबलांवर होती. खालचे प्रेसही त्या वेळी बंद असतात, त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. यिंगचू माझ्यासमोर तिरकी बसते. ती डाव्या हातावर गाल ठेवून झोपली होती आणि बोटं टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती.

बारा एकेचाळीसला फाइलीतली सहावी ओळ पुसली गेली. एकेक अक्षर, शेवटाकडून सुरुवातीकडे, माणूस पुसतो तशी. मग त्या जागी नवी ओळ उमटली. मध्येच एक अक्षर चुकलं, ते मागे जाऊन सुधारलं गेलं. माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.

मधल्या बोटाचं उरलेलं कामही संपलं होतं. डाव्या हातात आता अंगठा आणि तर्जनी एवढीच कामावर होती.

मी घाबरलो. हे सरळच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे केलं ते घाबरलेल्या माणसानं केलेलं होतं. मी फाइल एप्रिलमधल्या रूपात परत नेली आणि तिला कुलूप घातलं. वाचता येईल, पण मीसुद्धा बदलू शकणार नाही असं. सगळे पासवर्ड बदलले. यिंगचू कुरकुरली, हात पुन्हा अडखळतोय म्हणाली. मी तिला थोडे दिवस सोसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बारा एकेचाळीसला सर्व्हर गोठला. एक वाजता दिवे लागले तेव्हा कुणाचंच काही उघडेना. मी तो बंद करून पुन्हा सुरू केला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी मालकीणबाई स्वतः सर्व्हरच्या खोलीत शिरल्या आणि बाहेर येताना त्यांच्या हातात हिरवं पाकीट होतं.

“ए चंग, हे काय आहे?”

ते मक्याच्या कुरकुऱ्यांचं पाकीट होतं, नारळाच्या चवीचं. आमच्याकडे ते यंत्रावर ठेवतात. कारखान्यांत, इस्पितळांत, टोलनाक्यांवर, सगळीकडे. त्या खाऊच्या नावाचा अर्थच ‘शहाण्या बाळासारखं वाग’ असा आहे. पाकीट हिरवंच हवं, कारण यंत्र नीट चालू असलं की त्याचा दिवा हिरवा असतो. ते कुणी खायचं नाही, आणि खाण्याची मुदत संपण्याआधी बदलायचं. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. तरी इतकी वर्षं मी ते वेळच्या वेळी बदलत आलो होतो. मानत नसलेल्या गोष्टी आम्ही जरा जास्तच नेमानं करतो.

“मुदत एप्रिलात संपली,” बाई म्हणाल्या. “पंधरा वर्षांत एवढं एक काम तुला डोळे मिटून करता येत होतं.”

मी त्याच दुपारी दोन पाकिटं आणली. एक सर्व्हरवर ठेवलं. दुसरं यिंगचूच्या संगणकावर. मार्करनं तारीख लिहिली, सही केली. ठेवताना दोन शब्द बोलायचे असतात, ते मनातल्या मनात बोललो. बिघडू नकोस. अडू नकोस. नेमून दिलेलं काम नीट पार पाड. मी हे तिच्या भल्यासाठी बोललो होतो.

“आता मला नजर लागायची नाही,” यिंगचू हसून म्हणाली.

त्या दिवसापासून सर्व्हर एकदाही अडला नाही. पुढच्या बुधवारी एक वाजता मी फाइल पाहिली. कुलूप जसंच्या तसं होतं. आत डावी तीन बोटं मोकळी होती. तीन आठवड्यांत जे झालं होतं ते एका दुपारीत पुन्हा झालं होतं, आणि या वेळी एकही अक्षर चुकून सुधारलेलं नव्हतं.

मी खाली जाऊन श्यूकाकांना गाठलं. ते यंत्रांच्या मागे बसून सुपारी चघळत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

“पाकीट ठेवताना काय म्हणालास?”

“जे म्हणतात तेच. बिघडू नकोस, नेमून दिलेलं काम पार पाड.”

“नेमून दिलेलं म्हणजे काय, ते सांगितलंस?”

“नाही.”

“मग त्याची काय चूक,” काका म्हणाले. “सांगितलं तसं वागतंय.”

“काढून टाकू?”

“मुदतीआधी? मी नाही हात लावणार बाबा. मला आठच आहेत.” मग म्हणाले, “पोरीला खाली पाठवू नकोस. बाकी मला काही कळत नाही.”

साच्याचा नमुना मापायला यिंगचू आठवड्यातून दोनदा प्रेसपाशी जायची. ते बंद करायचं आम्ही दोघांनी ठरवलं. तिला खरं कारण सांगण्याची माझी हिंमत झाली नाही. संध्याकाळी स्कूटरच्या रांगेत तिला अडवून एवढंच म्हणालो, “काही दिवस प्रेसकडे जाऊ नकोस. नमुने मी वर मागवतो.”

“का?”

“वाईट स्वप्न पडलं.”

“तुम्हाला?” ती हेल्मेट हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. “चंगदादा, तुम्ही देवळात आलात तरी घड्याळ बघत उभे असता. आधी पाकीट, आता स्वप्न. मालकीणबाईंनी तुम्हाला शिष्य केलं की काय?”

“मला वचन दे.”

तिनं हसणं थांबवलं. “बरं. दिलं.”

तिनं ते पाळलं. पाच आठवडे ती प्रेसच्या वीस पावलांच्या आतही गेली नाही. श्यूकाका नमुने ट्रेमध्ये भरून मालाच्या लिफ्टनं वर पाठवायचे आणि मापून झाले की ती तिथूनच परत पाठवायची. ही व्यवस्था मी लावली होती. लिफ्टशेजारी तिच्या उंचीचं टेबलसुद्धा मीच टाकून दिलं. सहाव्या आठवड्यात, सकाळी सव्वादहाला, ट्रे उचलायला तिनं डावा हात आत घातला आणि लिफ्टचं लोखंडी दार खाली आलं.

मी माझ्या टेबलाशी होतो. मला आधी ट्रे पडल्याचा आवाज आला. खालचे प्रेस चालूच होते आणि त्यांचा ठोका चुकला नाही.

तपासणीला आलेल्या माणसांनी दार साठ वेळा वरखाली केलं. साठही वेळा ते मध्ये हात असल्याचं ओळखून थांबलं. अहवालात ‘दोष नाही’ असं लिहिलं.

इस्पितळात तिची आई पलंगाशी बसली होती. त्यांनी मला सफरचंद कापून दिलं आणि माझे आभार मानले. रक्त थांबवायला मीच टॉवेल बांधला होता म्हणून. मी ते सफरचंद खाल्लं. आजही त्या चवीची मला शिसारी येते.

यिंगचू अकरा आठवड्यांनी कामावर आली. मधल्या काळात मी सर्व्हरवरचं आणि तिच्या संगणकावरचं, दोन्ही पाकिटं एकदा काढली. सर्व्हर तासाभरात बंद पडला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही. कारण कळताच बाईंनी ती कचऱ्यातून काढून, पुसून, स्वतःच्या हातांनी जागच्या जागी ठेवली. त्या पाकिटांनी काय केलं होतं हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्या मला जे बोलल्या त्याचा मी राग धरला नाही.

पहिल्या दिवशी सकाळी यिंगचू खुर्चीत बसली आणि डावा हात कीबोर्डवर ठेवला. अंगठा आणि तर्जनी. मी मागे उभा होतो. नवी मांडणी करून देतो, शिकायला एखादा महिना लागेल, असं काहीतरी बोलायचं मी घरून ठरवून आलो होतो.

ती काम करायला लागली.

पहिल्या डेस्कटॉपवरून दुसऱ्यावर, तिथून चौथ्यावर, पुन्हा पहिल्यावर. एकदाही खाली बघितलं नाही. अपघाताआधीचे पाच आठवडे तिचा हात हेच शिकला होता, तिच्या नकळत. एप्रिलमध्ये तिचा जो वेग होता त्याहून हा जास्त होता. शेजारच्या टेबलांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि एकीला रडू आलं.

यिंगचूनं हात थांबवला. टाळ्या संपेपर्यंत ती पडद्याकडे बघत होती.

“चंगदादा, हे केव्हा केलंत?”

“तू येण्याआधी.”

“किती आधी?”

मी तिच्या संगणकावरचं पाकीट सरळ करून ठेवलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. सारंगी तिनं पथकातल्या एका मुलीला देऊन टाकल्याचं मला नंतर समजलं.

फाइल मला पुसता आली असती. पण त्या फाइलीशिवाय तिला आता काम जमणार नाही, आणि या कामाशिवाय तिच्याजवळ दुसरं काय उरलं होतं? दगडाखाली हात सापडला म्हणतात तसं माझं झालं होतं. हात मात्र तिचा होता. म्हणून मी एवढंच करत आलो. रोज दुपारी जागा राहतो, बारा एकेचाळीसला फाइल पाहतो, आणि काही झालं नाही की डोकं टेकतो.

ऑक्टोबर गेला. नोव्हेंबर गेला. एक ओळ हलली नाही. तीन बोटं मागितली होती, तीन मिळाली, हिशेब मिटला असं मी स्वतःला समजावलं. श्यूकाकाही पुन्हा वर येऊन चहा प्यायला लागले. दोन्ही पाकिटांची मुदत पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत आहे.

आज बुधवार. साडेबाराला दिवे मालवले. मी चेहरा वळवून पडून राहिलो.

बारा एकेचाळीसला फाइलीच्या तळाशी कर्सर लुकलुकला.

डाव्या हाताच्या ओळींना त्यानं हात लावला नाही. त्यांच्याखाली एक नवी ओळ आली, सावकाश, एकही अक्षर न चुकता. मी ती दोनदा वाचली.

उजवा अंगठा दाबून धरल्यास: पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखव.

मी हललो नाही. त्याखाली दुसरी ओळ आली.

पडदा बंद ठेव.

एक वाजला. कुणीतरी दिवे लावले, खिडक्यांचे पडदे सरकवले. खाली प्रेस सुरू झाले. नेहमीसारखी सगळ्यांनी डोकी वर केली आणि डोळे चोळले. मग एकेक जण कामाला लागला.

यिंगचू अजून डोळे चोळत होती.